पालथा थर

१

भिंत पडली तेव्हा पाऊस नव्हता, वारा नव्हता, आणि भूकंप तर नव्हताच. सकाळची वेळ होती. नव्या अंगणवाडीचं उद्घाटन त्याच दिवशी व्हायचं होतं, म्हणून मदतनीस नवसाबाई भिंतीलगत रांगोळी काढायला बसली होती. पलीकडे भिंतीला लागूनच मांडवाचे बांबू ठोकून रोवणं चाललं होतं. आणि ती कोरी करकरीत भिंत अख्खीच्या अख्खी तिच्या अंगावर आली. बाईला ओरडायलाही वेळ मिळाला नाही म्हणे.

मी पल्लवी देवरे. कुठे काही पडलं, जळलं, बुडालं की विमा कंपन्या मला धाडतात, आणि ते का झालं हे मी शोधते. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे. मला राग लवकर येतो हे खरं आहे, आणि दुसऱ्या दिवशी नाशिकहून निघून हरसूलच्या अलीकडच्या त्या पाड्यावर मी जे पाहिलं, त्यानं तर माझं डोकंच फिरलं. अहो, लहान पोरं बसणार होती तिथे! एक दिवस उशिरा पडली असती तर?

या इमारतीचं कौतुक मी पेपरात वाचलं होतं. नाशिकच्या दीपमाला खैरनार या आर्किटेक्टबाईंनी सिमेंटचा एकाच मापाचा ब्लॉक तयार केला होता. सगळे ब्लॉक सारखे. प्रत्येकाच्या एका टोकाकडे एक आरपार भोक. त्या भोकांतून वरपासून खालपर्यंत सळई ओवायची, पातळ काँक्रीट ओतायचं, की भिंत तयार. गावातल्याच गवंड्यानं आठवड्याभरात खोली उभी करावी, अशी कल्पना. ही अंगणवाडी पहिलीच होती.

ढिगाऱ्यापाशी फौजदार उभे होते. त्यांनी मला बुटाच्या टोकानं एक सळई दाखवली.

"बघा मॅडम. सळया आहेत, पण सगळे हातभर तुकडे. एकही सलग नाही."

"चोरी?"

"चोरी कसली! ते बघा, तो कोपरा अजून उभा आहे. वरच्या थराचं भोक खालच्या थराच्या भोकावर येतच नाही. सळई जाणार कशी? गवंड्यानं बिचाऱ्यानं तुकडे करून खोचले. डिझाइनच चुकलंय. आर्किटेक्टबाईला उद्या उचलणार मी, सदोष मनुष्यवध."

मी कोपरा पाहिला. माणूस बरोबर बोलत होता. थर अगदी ओळंब्यात होते, सांधे सुबक होते, प्रत्येक ब्लॉकच्या दर्शनी बाजूवर वरच्या कडेशी उठावाचं श्री होतं, सगळी श्री एका रांगेत. काम देखणं होतं हो. पण भोकं जुळत नव्हती.

पाड्यावरची माणसं ढिगाऱ्याला वळसा घालून जात होती. कोणी तुकड्यांवर पाय देत नव्हतं. काही फुटके तुकडे उंबराखाली नेऊन ठेवले होते आणि त्यांवर कुंकू वाहिलेलं होतं. बाई गेली त्या जागेची शांत केली असेल, असं मला वाटलं.

भिंत बांधणारा गवंडी मोतीराम म्हणजे नवसाबाईचाच नवरा. स्वतःच्या हातानं बांधलेल्या भिंतीखाली बायको गेली, अशा माणसाला काय विचारायचं? तरी विचारलं, धंदाच तसला.

"कसे बसवले ब्लॉक?"

"जसे व्हते तसे बसवले," एवढंच म्हणाला आणि खाली बघत राहिला.

त्याची मुलगी आरोही नाशिकला नर्सिंग शिकते. पोलिसात तक्रार तिनंच दिली होती. रडून रडून डोळे सुजलेले, पण आवाज चाकूसारखा.

"तुम्ही कंपनीच्या ना? मग लिहा. त्या बाईनं माझ्या आईला मारलं. एसीत बसून रेघोट्या ओढल्या आणि माझी आई मेली. तिला आत टाकल्याशिवाय मी आईची राख सावडणार नाही."

तेवढ्यात फौजदारांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला.

"घ्या! बाई म्हणतेय, मूळ ड्रॉइंग ऑफिसातून गायब झालं."

२

गंगापूर रोडवरच्या त्या ऑफिसात मी शिरले तेव्हा वादळ होऊन गेल्यासारखं दिसत होतं. पोलिसांनी कपाटं उपसली होती, खण पालथे केले होते, सोफ्याच्या गाद्यासुद्धा खाली होत्या. धक्का न लागलेला होता तो फक्त खिडकीजवळच्या कोनाड्यातला गणपतीचा लहानसा देव्हारा. दिवा तेवत होता.

दीपमाला खैरनार मूळची देवळ्याची. चाळिशीही गाठली नसेल. केसांत पेन्सिल खोचलेली, आणि चेहरा असा की आत्ता कोणी थोबाडीत मारली आहे.

"देवरे मॅडम, भोकं जुळतात," ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "शप्पथ सांगते, जुळतात. दाखवते मी."

तिनं कोरा कागद ओढला, वर श्री केलं, भराभर ब्लॉक काढला, भोक काढलं. मग कागद माझ्याकडे सरकवला आणि टेबलाखालून ब्लॉकचे लाकडी नमुने काढले, पोरांच्या खेळण्याएवढे.

"खालचा थर सरळ. भोक डावीकडे. आता वरचा ब्लॉक पालथा घाला. वरची बाजू खाली. भोक उजवीकडे गेलं ना? आता अर्धा ब्लॉक सरकवा."

तिनं केसांतली पेन्सिल काढून वरच्या भोकात सोडली. ती दोन्ही नमुन्यांतून सरळ खाली टेबलावर टेकली.

मी चाटच पडले. इतकं सोपं!

"पालथाच कशाला? पुढची बाजू मागे केली तर?"

"नाही चालत. पुढची बाजू गुळगुळीत आहे, पावसासाठी. मागची खरबरीत आहे, गिलाव्यासाठी. एक थर सरळ, एक थर पालथा, हेच माझं अख्खं डिझाइन आहे हो! आणि फौजदार म्हणतात, ही पळवाट तुम्हाला आत्ता सुचली."

"हे ड्रॉइंगवर होतं?"

"मोठ्या बाणासकट! साचा करायला खऱ्या मापाचं ड्रॉइंग दिलं होतं, ब्लॉक जेवढा तेवढंच चित्र. त्यावर साचेवाल्या महेशरावांची सही आहे, तारीख आहे. तो कागद मिळाला तर मी सुटते. नाहीतर…"

"कॉम्प्युटरवर असेल की."

"आहे. म्हणतात, काल काढलं नसेल कशावरून?"

"फोटो? झेरॉक्स?"

"मी काढू देत नाही कोणाला." तिनं कपाळाला हात लावला. "एकदा माझं डिझाइन चोरीला गेलं, तेव्हापासून नियमच केला मी. एक कागद, तो इथून जातो आणि इथेच परत येतो."

मला तिचा राग आला आणि कीवही आली. स्वतःच्याच कुलपात अडकली होती बाई.

"भिंती चढल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"देवळ्याला. वडिलांचं ऑपरेशन होतं. म्हणून अमोलला पाठवलं."

अमोल म्हणजे तिचा ड्राफ्ट्समन, नांदगावचा. नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट, बोलताना घसा खाकरायची सवय. तो दाराशीच उभा होता.

"मी हेच लाकडी नग नेले होते," तो म्हणाला. "मोतीरामला समजावलं. त्यानं लगेच करून दाखवलं, बरोबर. मग मी निघालो. दुसऱ्या दिवशी खरे ब्लॉक यायचे होते. पोलिसांना सांगितलं, तर म्हणाले, पगार देणाऱ्या बाईची बाजू घेणारच तू."

भिंत पडली त्या दिवशी ऑफिसात आलेली माणसं मोजकीच होती. आरोही येऊन आरडाओरडा करून गेली. महेशराव येऊन बराच वेळ एकटेच बसले. आणि अमोल तर रोजचाच.

निघताना दीपमालानं माझा हात घट्ट धरला.

"कोणीतरी मला मुद्दाम संपवतंय. उद्या अटक आहे, मॅडम. तो कागद कोणी नेला, एवढं शोधा."

३

अंबडच्या एमआयडीसीत महेश आहेरांचं ब्लॉकचं यार्ड आहे. गडी मोठा ऐसपैस, पण त्या दिवशी खुर्चीत अंग चोरून बसला होता.

"ताई, माझं नाव नका गुंतवू. मी साचेवाला. कागदावर होतं तेवढंच केलं. एक रेघ जास्त नाही, एक रेघ कमी नाही."

"कागदावर पालथ्या थराचा बाण होता?"

"मी मापं बघतो. बसवायचं काम गवंड्याचं, त्यात मी कशाला नाक खुपसू?"

"होता की नव्हता?"

"आठवत नाही म्हणा." आणि तोंड फिरवलं.

आठवत नाही म्हणे! मला चीड आली. दीपमालानं आधीच सांगितलं होतं, हा माणूस डिझाइन विकत मागत होता, आणि तिनं साफ नाही म्हटल्यापासून याचं तोंड फुगलेलं. कागद नाहीसा झाला, बाई आत गेली, की ब्लॉक याचाच. कारण झकास होतं.

यार्डाच्या टोकाला एक भिंत उभी होती. चाचणीसाठी बांधलेली. मी तिला खांदा लावला, लाथ मारली, शेवटी माझाच अंगठा दुखावला. भिंत ढिम्म. एक थर सरळ, एक थर पालथा, अगदी दीपमालानं सांगितलं तसं. ब्लॉक साधे, सपाट.

"हे वेगळे दिसतात."

"ते पहिले. लाकडी साच्यातले. तेव्हा बाई स्वतः डोक्यावर उभ्या होत्या. मग त्यांनी मोठं ड्रॉइंग पाठवलं, त्यावरून पोलादी साचा केला. अंगणवाडीला गेले ते सगळे पोलादी साच्यातले."

"माप बदललं?"

"केसाएवढंही नाही."

मी स्वतः मोजून पाहिलं. खरंच, भोक तिथेच, लांबी तीच, उंची तीच. म्हणजे साचा बरोबर होता, ब्लॉक बरोबर होता, गवंड्याला शिकवलेलं बरोबर होतं. मग भिंत चुकीची कशी झाली? माझं डोकं भणभणायला लागलं. एक पोलादी साच्यातला ब्लॉक मी गाडीच्या डिकीत टाकायला लावला.

मी गाडी सुरू केली, तसा महेशराव धावत आला आणि खिडकीशी वाकला.

"ताई, एक सांगू? कोणाला सांगणार नव्हतो. भिंत पडली त्या दुपारी अमोलचा फोन आला होता. रडत होता पोरगा. म्हणाला, महेशभाऊ, तो पोलादी साचा आजच्या आज कापून टाका."

मी गाडी बंद केली.

"का?"

"तेच विचारायला मी ऑफिसात गेलो, बसून राहिलो. तो आलाच नाही समोर."

४

साचा बरोबर असेल, तर तो कापायचा कशाला? घरी येईपर्यंत मला याचं उत्तर सापडलं नाही.

वॉचमननं ब्लॉक वर आणून बाल्कनीच्या दारात ठेवला. आमच्या यजमानांनी पेपरातून डोकं काढून पाहिलं.

"आता घरात भिंत बांधतेस का?"

"तुमच्या-माझ्यात बांधीन म्हणते."

हे बँकेतून निवृत्त झाले आहेत, आणि एक नंबरचे नास्तिक. देव, धर्म, मुहूर्त, कशालाच मानत नाहीत. माझ्या आईच्या सत्यनारायणाला प्रसाद घेताना "शिऱ्याला नमस्कार" म्हणाले होते. त्यावरून आमची भांडणं झाली आहेत, होतात, होतील.

मी ब्लॉक ढकलत-लोटत पालथा केला, भोक डावीकडून उजवीकडे कसं जातं ते पाहिलं, दीपमालानं दिलेलं चित्र शेजारी ठेवलं. काही सुचेना. म्हणून चहा टाकायला आत गेले.

कप घेऊन बाहेर आले, तर ब्लॉक सरळ झालेला! आणि आमचे हे कंबर धरून, दात-ओठ खात खुर्चीत बसलेले.

"अहो, हे काय केलंत?"

"कुठे काय? सरळ केला."

"कंबरेचं दुखणं असताना? कशाला?"

"अगं, श्री आहे ना त्याच्यावर. पालथं दिसत होतं. बरं नाही वाटलं."

मी बघतच राहिले. हा माणूस! देवाला न मानणारा, डॉक्टरनं वाकायची बंदी केलेला हा माणूस एवढं धूड उचलून सरळ करतो, आणि का केलं ते त्याला स्वतःलाही धड सांगता येत नाही.

कप माझ्या हातातून निसटला आणि फुटला. हे म्हणाले, "काय गं, काय झालं?" उंबराखालचे कुंकू वाहिलेले तुकडे मला दिसले. उभ्या कोपऱ्यातली ती सगळी श्री, एका रांगेत, एकूण एक सरळ. कोणता गवंडी देवाचं नाव पालथं घालील?

मग माझी नजर दीपमालाच्या चित्राकडे गेली, आणि मी ते उचलून दिव्याखाली धरलं.

५

सकाळी फौजदार पोचायच्या आधी मी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. दीपमाला, अमोल, महेशराव. दीपमालानं लहान बॅग भरून आणली होती. कोठडीत लागेल म्हणून.

"अमोल," मी म्हटलं, "कागद तू लपवलास."

"मी? नाही मॅडम! मी कशाला…"

"फाडलास?"

"नाही!"

"जाळलास मग. की कचऱ्यात दिलास?"

"कचऱ्यात? असं कसं मॅडम…" आणि त्यानं जीभ चावली.

"असं कसं? साधा कागद तर आहे. चोरलेला कागद ठेवून कोण घेतं? शहाणा चोर पहिल्यांदा तो जाळतो. पण ज्यावर श्री लिहिलंय तो कागद आपला माणूस जाळत नाही, फाडत नाही, पायाखाली येईल असा टाकत नाही. एक तर गोदावरीत सोडतो. नाहीतर देवाजवळ ठेवतो."

"कसलं श्री?" दीपमाला मध्येच म्हणाली. "माझ्या ड्रॉइंगवर एकही अक्षर नव्हतं. ब्लॉकवरचं ते महेशरावांचं. वीटवाले छापतात ना काहीतरी…"

"माझं?" महेशराव उसळला. "कागदावर होतं म्हणून साच्यात घेतलं! मी कशाला मनानं घालू?"

मी कोनाड्याशी गेले, चप्पल काढली, गणपती उचलून बाजूला ठेवला. पोलिसांनी अख्खं ऑफिस उलटं केलं होतं, पण इथे हात लावायचा कोणाला धीर झाला नव्हता. लाल कापडाखाली घडी करून ठेवलेला मोठा कागद होता.

अमोल खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला.

मी कागद टेबलावर पसरला. खऱ्या मापाचा ब्लॉक, कागदभर. खाली बाण, ठळक: एक थर सरळ, एक थर पालथा. महेशरावाची सही, तारीख. दीपमालाला सोडवायला पुरेसं होतं सगळं. आणि ब्लॉकच्या आत, वरच्या कडेशी, मधोमध, काळ्या शाईत श्री.

"हे मी नाही काढलं," दीपमाला म्हणाली.

मी तिनं माझ्यासमोर काढलेलं चित्र शेजारी ठेवलं. त्याच्या माथ्यावरही श्री होतं. तेच वळण, तीच वेलांटी.

"हे काल माझ्या डोळ्यांदेखत लिहिलंत. लिहिल्याचं आठवतं?"

तिनं दोन्ही अक्षरांवरून बोट फिरवलं.

"लहानपणापासून कोरा कागद घेतला की आधी श्री," मी म्हटलं. "मीही करते. हात करतो, आपल्याला पत्ता नसतो. लहान कागदावर ते वर राहतं आणि चित्र खाली येतं. पण या वेळी चित्र खऱ्या मापाचं होतं, कागदभर पसरलं, आणि श्री ब्लॉकच्या आत आलं."

"पेन्सिलीनं होतं," अमोल रडत रडत म्हणाला. "शाई मी फिरवली. मॅडमचं सगळं मोजूनमापून असतं, मला वाटलं तेही डिझाइनमधलंच. टीव्हीवर तो उभा कोपरा दाखवत होते, सगळी श्री सरळ… मला एकदम कळलं. वाटलं, मॅडमना हे कळलं तर मॅडम मरतील. मीही मरेन. म्हणून कागद दडवला, साचा कापायला सांगितला."

"अरे गाढवा!" मी ओरडलेच. "याच कागदावर तिची सुटका आहे! आणखी तासाभरात तिला बेड्या पडल्या असत्या!"

"तुम्हाला बाण दिसतो, मॅडम. मला दोन दिवस ते अक्षरच दिसतंय."

महेशराव डोकं धरून बसला होता. मी सगळ्यांकडे पाहिलं. चोर शोधायला आले होते मी, आणि समोर एकही पापी माणूस नव्हता. तिनं सवयीनं लिहिलं, यानं आज्ञाधारकपणे गिरवलं, त्यानं इमानानं साच्यात उतरवलं. आणि एक बाई मेली. इतक्या पडझडी पाहिल्या, पण असा हादरा मला कधी बसला नव्हता.

"फौजदार हा कागद बघतील," दीपमाला सावकाश म्हणाली, "आणि म्हणतील, बाण होता तरी गवंड्यानं ऐकलं नाही. मग मला सोडून मोतीरामला धरतील. हो ना?"

"धरतील."

तिनं कागदाची घडी घातली. "मग आधी त्याच्याकडे चला." मी फौजदारांना फोन करून कळवलं, बाईंना मीच ठाण्यात घेऊन येते.

६

मोतीराम घराच्या मागच्या अंगाला बसला होता. दीपमाला त्याच्यासमोर मातीतच बसली आणि तिनं कागद उघडून दाखवला. त्यानं बाणावर बोट ठेवलं.

"व्हय," तो म्हणाला. "त्या सायबानं दावलं व्हतं. येक सरळ, येक पालथा. मला समजलं व्हतं."

"मग, दादा?"

"मग खरे ठोकळे आले ना, श्रीचे. तरी मी दुसरा थर पालथाच घेतला व्हता. सायबानं सांगितलंय म्हणून." त्यानं ओठ घट्ट मिटले, मग एकदम बोलला. "ती पाणी घिऊन आली. म्हणली, येडं झालास काय? देवाचं नाव पालथं घालतो? आत बारकी पोरं बसायची हायेत. मी म्हणलं, सायबाचा हुकूम हाय. तर म्हणली, सायबाच्या लाकडावर नाव व्हतं का? नाय ना? बाईनं मागून मुद्दाम नाव घातलंय, पोरांच्या रक्षणाला. ते पालथं कराया घातलंय व्हय? आन् सोताच्या हातानं तिनं पयला ठोकळा सरळ केला, कुंकू लावलं."

नवसाबाईचं म्हणणं किती सरळ होतं! मी तिथे असते तर मीही तेच म्हटलं असतं.

"भोकं जुळंनात. मंग सळया तोडून खोचल्या. पयल्यांदाच असं बांधकाम, वाटलं, येवढं नाव हाय, काय व्हतंय." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "पोलिसांना काय सांगू? मी सांगितलं नाय. मला न्या, मी येतो. पर बाई, येक करा. आरूला हे सांगू नका. आई गेली ती गेली. पर आईनंच सांगितलं म्हणून गेली, हे तिला कळाया नको. जल्मभर जाळंल ते पोरीला."

दीपमालाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती नुसती मान हलवत होती.

पावलं वाजली. आरोही दारात उभी होती. किती ऐकलं असेल? पण नाही, ती आत्ताच आली होती. तिची नजर कागदावर गेली.

"सापडला म्हणे कागद. अमोलनं फोन केला. म्हणाला, मॅडमची चूक नाही, कागदावर सगळं बरोबर आहे." ती बापाकडे वळली. "मग चूक कोणाची? बाबांची?"

मोतीरामनं मान खाली घातली. दीपमालाच्या हातात तिची सुटका होती, सहीशिक्क्यासकट. नुसता बाण दाखवायचा होता.

ती उठून उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "तुझे बाबा चुकले नाहीत. मी त्या कागदावर देवाचं नाव लिहिलं, जिथे लिहायला नको होतं तिथे. ते ब्लॉकवर उतरलं, आणि मग तो ब्लॉक कोणालाच पालथा घालता आला नसता. चूक माझी आहे, आरोही. मी हेच ठाण्यात लिहून देणार आहे."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त एक गोष्ट तिनं सांगितली नाही.

आरोही दोन पावलं तिच्या अंगावर गेली. वाटलं, मारते की काय. मग ती बापाजवळ गेली, त्याच्या खांद्याला धरून तिनं त्याला उठवलं.

"मी पहिल्या दिवसापासून सांगत होते ना, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही उगाच स्वतःला खात बसला होतात. चला, आईची राख सावडायची आहे."

मोतीराम तिच्या आधारानं चालू लागला. दारात तो थांबला, वळून दीपमालाकडे बघत त्यानं हात जोडले, आणि आत गेला.

आम्ही गाडीकडे निघालो. माझ्या अहवालात कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, ते मी तिला विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. ठाण्यात फौजदार वाट बघत होते.